मदत हवी आहे: दोन जवळपास सारख्या शेड, हॉलला कुठली लावू?

मंडळी, हॉल आणि त्याला लागूनच्या पॅसेजचा रंग ठरवतेय आणि आता डोकं पार बंद पडलंय. खूप काटछाट करून दोन शेड उरल्यात, एक राखाडीच पण बेजकडे झुकणारी (ग्रेज म्हणतात ना, ती) आणि दुसरी जरा स्वच्छ राखाडी. शेडकार्डवर शेजारी धरल्या तर घरातल्या निम्म्या लोकांना फरकच कळत नाही. पण भिंतीवर पॅच मारले तर दुसरी सकाळी चक्क जांभळट दिसते, आणि पहिली दिवसा छान पण रात्री पॅसेजमध्ये मातकट पिवळी. एलआरव्ही पाहिला तर ६० आणि ५८, म्हणजे त्यावरून काही ठरत नाही. खिडकी उत्तरेला, फरशी क्रीम कलरची, दारं लाकडी पॉलिशची. भिंत आत्ता फिकट पिस्ता आहे. पेंटर पुट्टीला लागलाय, त्याला लवकर सांगायचंय. काय करू?

प्रतिसाद:
एलआरव्ही म्हणजे भिंत किती उजेड परत फेकते एवढंच, ० काळा नि १०० पांढरा. दोन आकड्यांचा फरक डोळ्याला कळतसुद्धा नाही, तुमचा घोळ आतल्या झाकेचा आहे. आणि पिस्ता भिंतीवर पॅच मारलेत तर कुठलाही राखाडी गुलाबी-जांभळाच दिसणार हो, बाजूच्या हिरव्यामुळे डोळा फसतो. मोठ्या पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी सोडा, पूर्ण वाळू द्या (इमल्शन ओलं असताना बहुतेक वेळा फिकं दिसतं) आणि मग ती शीट भिंतीला उभी टेकवून हॉलभर फिरवा, खिडकीसमोर, कोपऱ्यात, फरशीजवळ. आडवी धरून बघू नका, भिंत काय आडवी नसते.

प्रतिसाद:
फरशी आणि दारं बदलणार नाहीयात ना? मग पहिली. क्रीम फरशीवर थंड राखाडी म्हणजे फरशी जुनाट दिसायला लागते. विषय संपला.

प्रतिसाद:
संपला नाही, बल्ब राहिले. हॉलला आणि पॅसेजला कुठले आहेत?

मूळ प्रश्नकर्ती:
हॉलला पांढऱ्या ट्यूब, बॉक्सवर ६५०० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलंय. पॅसेजला पिवळे, २७०० के.

प्रतिसाद:
मग बरोबर आहे, पॅसेजमधला पिवळेपणा रंगाचा कमी आणि बल्बचा जास्त. आधीच बेज, त्यावर २७००. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, बहुतेक आभाळाचा निळसर उजेड, तिथे दुसरी शेड आणखी गार पडणार आणि रात्री ६५०० मध्ये तर दवाखाना. दोन्हीकडे ४००० चे लावून परत बघा. बल्ब बदलणं भिंत बदलण्यापेक्षा सोपं. आणि मॅटच घ्या, चकाकीवर पुट्टीचे उंचवटे उठून दिसतात.

मूळ प्रश्नकर्ती:
शीटवाली आयडिया केली, बल्बपण बदलले. जांभळट जवळजवळ गेलं, पण फरशीजवळ नेली की दुसरी शेड खरंच उपरी वाटते, त्यामुळे दोन्हीकडे पहिलीच फायनल. सगळ्यांना थँक्यू! एकच राहिलं, छताला एकदम शुभ्र पांढरा चालेल का?

प्रतिसाद:
निळसर शुभ्र नको, त्याच्याशेजारी तुमच्या भिंती मळक्या वाटतील. किंचित उबदार पांढरा घ्या. आणि भिंतींचे सगळे डबे एकदमच मागवा, वेगवेगळ्या बॅचमध्ये बारीकसा फरक येतो, पेंटरला सांगा सुरू करायच्या आधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यायला. थोडा रंग बरणीत काढून ठेवा टचअपला, बरणीवर शेडचा नंबर लिहून.