स्वस्त घ्या, पण पाचही भाग आहेत का ते पाहून

काही जण म्हणतात की अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथचं वेल्थ ऑफ नेशन्स हे पुस्तक १७७६ चं, मजकूर सगळीकडे तोच, तर स्वस्तातली कोणतीही आवृत्ती घ्या. स्वस्ताचं पटलं, पण सगळीकडे तोच हे काही खरं नाही बाप्पा. पुस्तकाचे भाग पाच, अन् पेंग्विन प्रकाशनाच्या पहिल्या खंडात तीनच येतात, चौथा-पाचवा वेगळ्या खंडात. आता कापूस-तूर पिकवणाऱ्या आपल्यासारख्याने आधी वाचावं ते धान्याच्या व्यापारावरचं लांबलचक विवेचन नेमकं चौथ्या भागात, पाचव्या प्रकरणात आहे! टंचाईत व्यापारी भाव वाढवतो म्हणून लोक त्याला शिव्या देतात, पण भाव वाढल्यानेच लोक आधीपासून जपून खातात अन् धान्य पुढच्या हंगामापर्यंत पुरतं, असं स्मिथ म्हणतो. पारावर बाजार समितीच्या भावावरून वाद पेटला की मी हेच वाचून दाखवतो, लोकं चिडतात पण ऐकतात.

अभ्यासाला ग्लासगो आवृत्ती उत्तम, परिच्छेदांना नंबर आहेत, संदर्भ लगेच सापडतो. पैसे नसतील तर एडविन कॅननने संपादित केलेली १९०४ ची आवृत्ती नेटवर फुकट आहे, समासात परिच्छेदाचा सारांशही दिलाय, इंग्रजी जड जाणाऱ्या पोरांना त्याचा लई आधार होतो. मोबाईलवर डोळे दुखत असतील तर तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडून तेवढं एक प्रकरण काढून आणा.