अंडरग्लेझच्या नक्षीवर ग्लेझ धरतच नाही, काय चुकतंय?

मातीवेडी:
मंडळी, वर्षभर चाकावर बसतेय, आत्ता कुठे कप एकसारखे यायला लागलेत. रोज वापरायला सहा केले, बिस्कवर (एकदा भाजलेल्या कपांवर) अंडरग्लेझने, म्हणजे ग्लेझखालच्या रंगाने, निळी वेल काढली, वर ट्रान्सपरंट ग्लेझचा काचेसारखा थर, आणि भट्टी उघडली तर काय, जिथे पानं गडद भरली होती नेमकं तिथूनच ग्लेझ मागे सरकून मण्यांसारखं गोळा झालंय, मधे रंग उघडा, बोटाला खरखरीत लागतो. बारीक देठ मात्र मस्त आलेत. माती स्टोनवेअर, भाजणी कोन 6 ला, म्हणजे साधारण 1220 डिग्रीला. वापरावेत का असे?

चाकफिरव्या:
देठ मस्त आणि पानं बिघडली, यातच उत्तर आहे की. पानांवर किती हात दिलेत? बिस्क पाणी शोषतं म्हणून ग्लेझ धरतं, जाड रंगाने भोकं बुजली की ते वर नुसतं बसून राहतं आणि वितळताना आक्रसतं. 2-3 पातळ हात बास. हाताचं तेल किंवा धूळ असली तरी हेच होतं, त्यामुळे आधी ओल्या स्पंजने पुसून घ्या. मी तर माती चामड्यासारखी घट्ट झाली की तेव्हाच रंगवतो, मग नक्षी बिस्कच्या, म्हणजे पहिल्या भाजणीतच पक्की होते आणि ग्लेझ लावताना फिसकटत नाही.

भट्टीपाशी:
वापराचं म्हणाल तर उघडा भाग आत किंवा ओठ लागतात त्या कडेला असेल तर नको, खरखरीत जागी घाण धरते. बाहेर बुडाशी असेल तर एवढं काही नाही. आणि ग्लेझ विकतचं असो वा घरी कालवलेलं, व्हिनेगर रात्रभर ठेवून बघा, रंग किंवा चमक उतरली तर तो कप बाद. पण टिकला म्हणजे ग्लेझमध्ये शिसं नाहीच असं समजू नका, ते लॅबमध्येच कळतं.

जाता जाता, ग्लेझवरून रंगवायचे रंग 750-800 डिग्रीला भाजतात, घासून घासून झिजतात. रोजच्या भांड्याला नक्षी ग्लेझखालीच बरी.

मातीवेडी:
पाच हात 🙈 गडद दिसावं म्हणून. परत भाजून सुधारतील का?

चाकफिरव्या:
कधी सुधारतात, कधी जास्तच बिघडतात. कप थोडा गरम करून त्या जागी ग्लेझ लावा, गार कपावरून ओघळतं. आधी एकच टाका भट्टीत.

मातीवेडी:
ओके, सगळ्यात वाईट आहे तोच टाकते.