अनुभव सांगा : घरच्या घरी राऊटरच्या कमांड शिकताना

जळगावात मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. गेल्या वर्षी त्याच दुपारी पंख्याखाली बसून मी पॅकेट ट्रेसरवर (लॅपटॉपवरच नेटवर्क जोडून सराव करायचं सिस्को कंपनीचं सॉफ्टवेअर) राऊटरच्या कमांड शिकलो. पुण्याचा क्लास परवडण्यासारखा नव्हता. खानदेशात असे घरीच शिकणारे बरेच आहेत, म्हणून हा धागा. कुठे अडलात आणि कसे सुटलात ते लिहा. कमांडची यादी कुठेही मिळते, अडल्याची गोष्ट मिळत नाही.

सुरुवात मी करतो. चार दिवस व्हिडिओ बघून वहीत कमांड उतरवल्या. पाचव्या दिवशी दोन राऊटर जोडले, आयपी पत्ते दिले, तरी जोडणीवरचे त्रिकोण लालच. पत्ते तीनदा तपासले. शेवटी 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' दिलं, तर समोर 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन'. राऊटरचे पोर्ट मुळात बंदच असतात, 'नो शटडाऊन' दिल्याशिवाय उघडत नाहीत. वहीत हे दोनदा लिहिलेलं होतं. तेव्हापासून आधी टाइप करतो, वही नंतर.

भुसावळ :
माझे तीन राऊटर एका रांगेत होते. पहिल्यावरून तिसऱ्याला पिंग केलं (पोचतंय का ते बघायला पॅकेट पाठवली) की पाच ठिपके, म्हणजे पाचही पॅकेट वाया. रात्री वडील शेजारी येऊन बसले. रेल्वेत आयुष्य गेलेला माणूस. मी कागदावर आकृती काढून दाखवली. ते म्हणाले, "इकडून गाडी गेली हे समजलं. पण परत यायला रूळ टाकलाय का?" तिसऱ्या राऊटरवर परतीचा स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहून दिलेला रस्ता, टाकलाच नव्हता! 'आयपी रूट'ची एक ओळ दिली आणि पाच उद्गारचिन्हं उमटली, म्हणजे पाचही उत्तरं परत आली. बाबांना मी ती बोट ठेवून मोजून दाखवली.

चोपडा :
कमांडचं स्पेलिंग चुकलं की राऊटर त्या शब्दाला एखाद्या मशीनचं नाव समजतो, २५५.२५५.२५५.२५५ वर शोधत बसतो आणि स्क्रीन अडकते. कंट्रोल-शिफ्ट-६ दाबून सुटका होते. आता पहिल्यांदा 'नो आयपी डोमेन-लुकअप' देतो.

शिरपूर :
मी नाशिकहून सिस्कोचा जुना १८४१ राऊटर आणला. निळी कन्सोल केबल, यूएसबीचा ॲडॉप्टर, पुटीमध्ये (लॅपटॉपवरून राऊटरला कमांड द्यायचा प्रोग्रॅम) स्पीड ९६०० ठेवला, आणि समोर पासवर्ड! आधीच्या मालकाचा, कुणाला माहीत नाही. उपाय वाचला होता: राऊटर चालू केल्यावर पहिल्या मिनिटात ब्रेकचा सिग्नल द्यायचा. पण माझ्या लॅपटॉपला ब्रेकची कीच नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग सापडलं, पुटीच्या टायटल बारवर राइट क्लिक केलं की 'स्पेशल कमांड'मध्ये ब्रेक असतो. रॉममॉन (राऊटरचा दुरुस्तीचा मोड) आलं, तिथे 'कॉनफ्रेग ०एक्स२१४२' दिलं, म्हणजे राऊटर जुनी सेव्ह केलेली कॉन्फिग न वाचता सुरू होतो, मग 'रीसेट'. यानंतरची गोष्ट नीट लक्षात ठेवा: स्टार्टअप कॉन्फिग (सेव्ह केलेल्या सेटिंग) रनिंगमध्ये (चालू सेटिंगमध्ये) आणली की सगळे पोर्ट पुन्हा बंद दिसतात. ते एकेक उघडा, नवा पासवर्ड द्या, रजिस्टर परत ०एक्स२१०२ करा आणि मगच सेव्ह करा.

अमळनेर :
आमच्याकडे लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही. मित्राच्या राऊटरवर ओएसपीएफ (राऊटरांनी एकमेकांना रस्ते आपोआप सांगायची पद्धत) बसवलं, तीन तास लागले, आणि लाइट गेली. रनिंग कॉन्फिग रॅममध्ये असते, लाइट गेली की पुसली जाते, तीन तास तिच्याबरोबर गेले. आता दर दहा मिनिटांनी 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'.

नंदुरबार :
मी मराठी माध्यमाची, इंग्रजीची धास्ती होती. प्रश्नचिन्हाने ती घालवली. 'शो' लिहून प्रश्नचिन्ह दिलं की पुढे काय लिहिता येतं ते राऊटरच सांगतो. रोज पाच शब्द, अर्थासकट, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. आईने विचारलं, "काय करी राहिनी?" तिला 'इंटरफेस' म्हणजे दार असं सांगितलं. आता मी लॅपटॉप उघडला की तीच विचारते, किती दारं उघडली?

धुळे :
मी अजून अडकलेलीच आहे. दोन व्हीलॅनसाठी (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क) राऊटरच्या एकाच पोर्टावर सब-इंटरफेस, म्हणजे त्या पोर्टाचे आभासी भाग, केले, पण आयपी द्यायला गेले की नाकारतो. काय चुकतंय?

(जळगावहून उत्तर) ताई, आयपीच्या आधी 'एनकॅप्सुलेशन डॉट१क्यू' आणि व्हीलॅनचा नंबर द्या. मूळ पोर्टालाही 'नो शटडाऊन' हवं. करून बघा आणि इथेच कळवा.