प्राण्यांबद्दलची माया विचारसरणी ठरवते का?

कातळसडा (धागाकर्ता)
क्रिस्टोफ डाँट आणि गॉर्डन हॉडसन या मानसशास्त्रज्ञांचा २०१४ चा बेल्जियममधला अभ्यास वाचला. तिथे उजव्या विचारांचे लोक मांस जास्त खातात, प्राण्यांच्या वापराचे समर्थनही जास्त करतात. माणूस सर्वांत श्रेष्ठ, ही धारणा त्यामागचे एक कारण. आपल्याकडे उलट, गाईसाठी सर्वांत मोठा आवाज उजव्यांचाच. तरी मला वाटते, विचारसरणी एक प्राणी निवडून देते आणि बाकीच्यांकडे बघू देत नाही. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. पण पॉवर टिलर आल्यावर जोताचे म्हातारे बैल पोसायचे कुणी? आमच्याकडे ते रात्री महामार्गावर बसलेले असतात आणि गाड्यांखाली येतात. ही माया मला पटत नाही.

गोठणवाडी
पटत नसेल तर बैल सोडणाऱ्याला विचारा, कायद्याला नको. आमच्या आजोबांनी थकलेला बैल शेवटपर्यंत दावणीला ठेवला, कारण श्रद्धा होती. तीच काढून घेतलीत तर फक्त हिशोब उरेल, आणि हिशोबात म्हातारे जनावर कधीच बसत नाही.

कातळसडा
श्रद्धेशिवायही गाय सांभाळता येते. हे सांगणारे सावरकर १९२४ ते १९३७ आपल्या रत्नागिरीतच स्थानबद्ध होते. गाय उपयुक्त पशू आहे, ती पाळा, पूजू नका, ही त्यांची भूमिका. म्हणजे उजवेसुद्धा एकमताचे नाहीत.

परड्यातलो
वांदरांचा काय ता बोला. केळी, काजी, आंबे, सगळा ओरबाडून टाकतत. एका बाजूचे मारुती म्हणून हात जोडतत, दुसऱ्या बाजूचे 'जंगल तुमीच तोडलास' म्हणून आमकाच सुनावतत. नुकसान कोण भरतलो?

बाणकोटखाडी
धागाकर्त्याशी मी अजिबात सहमत नाही. विचारसरणी वगैरे शहरी चर्चा. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवाची अंडी पूर्वी उकरून नेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते थांबले नव्हते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेतले, पुढे कासव महोत्सवामुळे घरोघरी पाहुणे येऊ लागले, तेव्हा थांबले. कुणी कुणाचा पक्ष विचारला नाही. आणि बैलगाडा शर्यतींचे बघा: २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी, २०१७ ला राज्याचा नवा कायदा, २०२३ ला तो वैध ठरला. बैलाच्या बाजूने एकही मोठा पक्ष उभा राहिला नाही.

कातळसडा
मग माझेच म्हणणे खरे ठरले की! कत्तलीच्या वेळी बैल पवित्र, शर्यतीच्या वेळी परंपरा. बैलाला काय होते, हे दोन्ही वेळा कुणी विचारले नाही.

गोठणवाडी
शर्यतीला माझाही विरोध आहे, ते एकत्र करू नका. माझी मागणी साधी आहे: कत्तलबंदी राहू दे, पण भाकड जनावरामागे वैरणीचे पैसे थेट शेतकऱ्याला द्या आणि प्रत्येक ग्रामपंचायतीचा कोंडवाडा चालू करा. याला तुमचा पाठिंबा आहे का, तेवढे सांगा.

कातळसडा
वैरणीच्या पैशाला आहे, आजच. बंदीला नाही.