पार्किंगमधलं चार्जिंग : रविवारच्या सभेआधी इथेच बोलून घेऊ

सचिव (ए-२०१): सर्वांना नमस्कार. रविवारच्या सभेत मोठा विषय एकच आहे, पार्किंगमधलं चार्जिंग. आज आपल्याकडे तीन इलेक्ट्रिक कार आहेत, स्कूटर तर बऱ्याच. एनओसीसाठी आणखी दोन अर्ज आलेत. सभेत घाई होते, म्हणून जे काही म्हणायचंय ते इथेच, सोसायटीच्या ग्रुपवर लिहा.

ए-१०४: माझं घर स्टिल्ट पार्किंगच्या बरोबर वर. खाली रात्रभर गाडी चार्जिंगला असते आणि मला झोप लागत नाही, खरं सांगतो. मार्च २०२२ मध्ये आपल्या पुण्यात, लोहगावला इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. गाड्यांना माझा विरोध नाही. पण नातवंडं वर झोपलेली असतात.

सी-५०३: काका, तुमची काळजी पटते. त्या उन्हाळ्यातल्या आगींनंतरच सरकारने नियम कडक केले. दुचाकींसाठीच्या एआयएस-१५६ या मानकात बॅटरीच्या सुरक्षेच्या अटी वाढवल्या, डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने त्या लागू झाल्या. माझ्या कारमध्ये एलएफपी बॅटरी आहे, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. निकेल-कोबाल्टवाल्या सेलपेक्षा ती जास्त तापमान सोसते.

बी-७०२: काका, मी वायरिंगच्या कामातली आहे म्हणून सांगते. आपल्या इमारतीत मला बॅटरीपेक्षा सॉकेटची भीती जास्त वाटते. साध्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर कार ३.३ किलोवॅट ओढते, म्हणजे चौदा-पंधरा अँपिअर, तेही तासन् तास. गीझर वीस मिनिटांत बंद होतो, गाडी होत नाही. काल मी सी विंगच्या खांबावरचा पॉइंट उघडून पाहिला. डावीकडच्या पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालंय, आतला स्क्रू सैल, वायर अडीच एमएमची. अर्थिंग कुठे जातंय ते इलेक्ट्रिशियनलाही सांगता आलं नाही. शेजारच्या डक्टमधून तिसऱ्या मजल्यावरून एक वायर खाली सोडली आहे, तिच्या टोकाला एक्स्टेन्शन बोर्ड. पावसाळ्यात तिथे ओल येते. आग लागलीच तर इथून लागेल.

सी-३०२: ताई, ती वायर आमची. आम्ही भाड्याने राहतो. पॉइंटसाठी अर्ज दिला होता, तेव्हा मालकाने करावा असं सांगितलं. मालक दुबईला. रोज हिंजवडीला जाऊन यायचं, पेट्रोल परवडत नाही. वायर आजच काढतो, पण स्कूटर कुठे लावू ते कुणीतरी सांगा.

बी-७०२: म्हणूनच मी एकेका अर्जाला परवानगी द्यायच्या विरोधात आहे. ज्याला नाही म्हणतो तो डक्टमधून वायर सोडतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलंय की घरच्या सध्याच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. तेव्हा अडवण्यात अर्थ नाही. सोसायटीने एकच नीट लाइन टाकावी : वेगळा मीटर, केबल ट्रे, प्रत्येक पॉइंटला स्वतःचा एमसीबी (जास्त लोड आला की वीज तोडतो) आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की तोडतो), अर्थिंग तपासून घेतलेलं. आणि भाडेकरूंनाही तेच दर, तेच पॉइंट.

बी-६०४: पण लोड? उद्या चोवीस गाड्या झाल्या तर चोवीस गुणिले ३.३, जवळजवळ ऐंशी किलोवॅट. नवा ट्रान्सफॉर्मर लागला तर तो खर्च कोण करणार? लिफ्ट बंद पडायच्या.

बी-७०२: दादा, सगळ्यांचं गणित इथेच अडतं. गाडी रोज शून्यापासून भरायची नसते, त्या दिवशी जेवढी वापरली तेवढीच भरायची. पुण्यात दिवसाला चाळीस किलोमीटर म्हणजे पुष्कळ झाले. त्याला लागतात साधारण सात युनिट, म्हणजे दोन तासांचं चार्जिंग. रात्री दहा ते सकाळी सहा हे आठ तास धरा. एका ३.३ किलोवॅटच्या वाट्यात चार गाड्या एकामागून एक होतात. चोवीस गाड्यांना वीस-बावीस किलोवॅट पुरतात. लोड वाटून देणारे चार्जर बाजारात मिळतात, पाळी ते आपोआप लावतात. सकाळी पाण्याचा पंप सुरू व्हायच्या आत सगळं संपलेलं असेल. ऐंशी किलोवॅट लागतील ते सगळ्यांनी संध्याकाळी सातला एकदम प्लग लावला तर. तसं होऊ नये म्हणूनच लाइन एक हवी, चोवीस नकोत.

ए-५०१: थोडं थांबू या असं मला वाटतं. सोडियमच्या बॅटऱ्या येतायत, तंत्रज्ञान बदललं की आत्ताचा खर्च पाण्यात.

सी-५०३: काकू, सोडियमचं खरं आहे. चीनच्या सीएटीएलने २०२१ मध्येच सोडियमचा सेल जाहीर केला होता. सोडियम मिठातही आहे, लिथियमसारखं शोधत फिरावं लागत नाही. पण वजनाच्या मानाने ऊर्जा कमी साठते, म्हणून आधी स्कूटर आणि छोट्या गाड्यांत जास्त दिसेल असा माझा अंदाज. बॅटऱ्या स्वस्त होत जाणार हे नक्की. २०२४ मध्ये जगभरातला सरासरी भाव किलोवॅट-तासाला, म्हणजे एक युनिट साठवणाऱ्या बॅटरीला, ११५ डॉलरवर आला, दहा वर्षांपूर्वी तो याच्या कितीतरी पट होता. भाव उतरेल तशी आपल्याकडची गाड्यांची रांग वाढेल.

बी-७०२: आणि काकू, गाडीत लिथियम असो की सोडियम, भिंतीतून तिला तीच २३० व्होल्टची वीज लागते. त्या विजेचा बॅटरीला लागणारा डीसी प्रवाह करणारा चार्जर गाडीतच असतो. बॅटरी बदलेल, केबल ट्रे तसाच राहील. थांबून वाचणार काही नाही, तोवर त्या तपकिरी सॉकेटवर आणखी गाड्या लागतील.

सी-४०४: वीज शेवटी कोळशाचीच ना?

बी-७०२: बरीचशी, हो. तरी इलेक्ट्रिक मोटर पेट्रोल इंजिनाच्या मानाने फार कमी ऊर्जा वाया घालवते. गच्चीवरच्या सोलरचा विषय पुढच्या सभेत घ्यावा, मी माहिती आणते. पीएमपीएमएलच्या ई-बस २०१९ पासून रस्त्यावर आहेत. तिच्यामागे दुचाकीवर उभं राहून पाहा, फरक नाकाला कळतो.

ए-१०४: बी-७०२, बेटा, सॉकेटचं पटलं. माझ्या दोन अटी. गॅसच्या पाइपलाइनजवळ एकही पॉइंट नको. आणि मुख्य स्विच वॉचमनच्या केबिनजवळ हवा, म्हणजे धूर दिसला की कुणालाही बंद करता येईल.

बी-७०२: दोन्ही बरोबर आहेत काका. दुसरी माझ्या आराखड्यात नव्हती, टाकते.

सचिव (ए-२०१): ठराव असा मांडतो : सामायिक लाइन, लोड वाटणारे चार्जर, भाडेकरूंसह सर्वांना समान दर, काकांच्या दोन्ही अटी. तीन कोटेशन मागवतो. महावितरणकडे वेगळ्या मीटरचा अर्ज सोमवारी देतो. सी-३०२, तोवर स्कूटर ऑफिसबाहेरच्या पॉइंटवर लावा. बी-७०२ ताई, तो पॉइंट आज एकदा तपासाल का?

बी-७०२: सातला येते. टेस्टर आणि चार एमएमची वायर घेऊनच येते.