मुलाचं नाव परशराम ठेवलं तर लई जुनं वाटेल काय?

खानापूरची सून: रविवारी बारसं हाय, सासूबाई म्हणतात पणजोबांचं परशराम नाव ठेवा, हे म्हणतात विहान नाहीतर अद्विक, मला परशराम आवडतंय पण शाळेत पोरं चिडवतील काय असं वाटतंय. बेळगावात कोण ठेवतंय का आता असलं नाव?

वडगावची आत्या: ठेव की गं! सौंदत्तीच्या यल्लम्माला मानणारी घरं आपली, रेणुकेच्या लेकाचं नाव जुनं कसलं. बालवाडीत विहान तिघं-चौघं असतात, बाई आडनावानं हाक मारतात.

शहापूरकर: मला नाही पटत. परशरामचं दुसऱ्या दिवशी 'परश्या' होतंय आणि ते जन्मभर चिकटतंय. जुनंच पाहिजे तर विठ्ठल बघा की, कन्नड शेजारीपण मायेनं म्हणतात, पुरंदरदासांच्या पदांत शेवटी पुरंदर विठ्ठल येतोयच.

टिळकवाडीकर: भांडू नका, जन्मदाखल्यात वर्षाच्या आत नाव फुकट घालून मिळतंय. फक्त परशराम का परशुराम ते आधी ठरवा, दाखला कन्नडात येतोय, मग आधारवर एक आणि दाखल्यावर एक झालं की पोरगं दहावीला गेल्यावर अ‍ॅफिडेव्हिट करत बसाल.