सातव्या महिन्यात खग्रास चंद्रग्रहण पाहिलं तर चालेल का?

मृण्मयी: ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे आणि मला ते बघायचंच आहे. लहानपणापासून दर वेळी कुणीतरी हाताला धरून आत नेलं. आता सातवा महिना चालू आहे. सासूबाई म्हणतात, वेध लागले की पाण्याचा घोटही नको, सुरी-कात्रीला हात लावायचा नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. त्या माझं फार मायेने करतात, तोडून बोलवत नाही. आणि खरं सांगू, थोडी भीती माझ्याही मनात शिरली आहे.

दुर्बीणवाला: जरूर बघा! ग्रहणात चंद्राकडून वेगळं काही येत नाही, उलट पौर्णिमेचा नेहमीचा प्रकाशच कमी होतो. सूर्यग्रहणासारखा चष्माही लागत नाही. भारतीय वेळेनुसार ९:५७ ला सावली चढू लागेल. तिची कड गोलसर आहे हे निरखून बघा. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून ॲरिस्टॉटलने तीच दाखवली होती. ११:०१ पासून ८२ मिनिटं खग्रास. चंद्र तेव्हा सहसा तांबूस दिसतो, कारण आपल्या वातावरणातून वळलेला प्रकाश त्याच्यावर पडतो आणि त्यातला निळा वाटेतच विखुरतो. छटा कोणती असेल ते आधी सांगणं कठीण. पिनाटुबो ज्वालामुखीच्या १९९१ मधल्या उद्रेकानंतर डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र फारच काळवंडला होता. म्हणून तर मी एकही ग्रहण सोडत नाही.

प्रसूतिकक्षातली: बाळाचा वरचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. तुमचा *महिना* सातवा आहे, ओठ केव्हाच तयार झालाय. तासन् तास पाण्याशिवाय राहणं मात्र खरंच वाईट. चक्कर येते, पोट आवळून येतं. पाणी पीत राहा, वेळेवर जेवा.

शंतनू_क: पण एक रात्र पाळलं तर काय बिघडतं?

दुर्बीणवाला: बिघडतं. इ.स.पू. ४१३ मध्ये सिराक्यूसहून माघारीच्या तयारीत असलेलं अथेन्सचं सैन्य चंद्रग्रहण पाहून थांबलं. ज्योतिषांनी २७ दिवस हलू नका म्हटलं, सेनापती निकियासने मानलं, आणि शत्रूने त्यांना बंदरातच कोंडलं. इथे तर बाईला तहानेलं ठेवायचा प्रश्न आहे. मृण्मयी, सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांनाही बरोबर घेऊन बसा. त्यांनीही कदाचित कधी पाहिलं नसेल.

मृण्मयी: ओठाचं त्यांना वाचून दाखवलं. पाण्याचं पटलं, सुरीचं नाही. चिरायचं काम त्या रात्री त्याच करणार आहेत. गच्चीत दोन खुर्च्या टाकते.